अकारविल्हेचा घाट : तिसरीच्या वर्गातलं एक प्रकरण

ऑगस्टमधली गोष्ट. तिसरीच्या वर्गात फळ्यावर मी दोन शब्द लिहिले, 'दगड' आणि 'बदक', आणि विचारलं, "शब्दकोशात यातला आधी कोणता येईल?" वर्ग गप्प झाला. नीट पाहिलं तर तीसेक मुलांचे ओठ हलत होते. सगळी अ पासून निघाली होती. कुणी 'ङ' ला अडखळून परत मागे जात होतं, कुणी ट ठ ड ढ पर्यंत पोचून दमलं होतं. शेवटी एकाने हात वर केला आणि म्हणाला, "बाई, दोन्ही येतात."

उत्तर चूक नव्हतं, त्यामुळे रागावताही येईना.

आमची शाळा नाशिकच्या मखमलाबाद-म्हसरूळच्या बाजूला, जिथे इमारती विरळ होतात आणि द्राक्षबागा सुरू होतात. वर्गात बागायतदारांची मुलं आहेत, गवंडीकाम करणाऱ्यांची आहेत, बागलाण-कळवणकडून नोकरीधंद्यासाठी आलेल्या घरांतली आहेत. दोन-तीन घरांत हिंदी बोलतात. दिवाळीनंतर बागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, तेव्हा त्यांचीही काही मुलं वर्गात बसतात. ही सगळी मुलं मुळाक्षरं धडाधड म्हणायची. तक्त्यावर काठी ठेवली की अक्षर ओळखायची. म्हणजे कागदोपत्री 'वर्णमाला येते' या रकान्यात सगळ्यांना बरोबरची खूण होती. पण शब्दकोश हातात दिला की मधलंच कुठलंतरी पान उघडून चित्रं शोधायची.

अ पासून क्रमाने लावण्यासाठी आपल्याकडे फार छान शब्द आहे, अकारविल्हे. विल्हे लावणं म्हणजे जिथलं तिथे लावणं. विल्हेवाट हा शब्दही त्याच घरातला. मुलांना अक्षरं येत होती, त्यांची विल्हे लागलेली नव्हती. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, त्या शहरातल्या मुलाला साधी सूची पाहता येऊ नये, हे मला खटकायचं. म्हणून हा सगळा घाट घातला. घाट हा शब्द पुढे दुसऱ्याही अर्थाने येणार आहे.

आधी गाडी केली

आदल्या वर्षी इंग्रजीसाठी मी पुठ्ठ्याची आगगाडी केली होती. इंजिनानंतर २६ डबे, प्रत्येकावर एक अक्षर, वर्गाच्या एका भिंतीवर सरळ रांगेत. ती चांगली चालली. ए नंतर बी का येतं याला काही कारण नाही; क्रम पाठ करायचा आणि डोळ्यांसमोर ठेवायचा, एवढंच. रांग सरळ आहे, तर साधनही सरळ.

तेच मराठीला लावलं आणि फसले. आपले वर्ण ५२. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेप्रमाणे १४ स्वर, अनुस्वार-विसर्ग ही दोन स्वरादी, ३४ व्यंजनं, शिवाय क्ष आणि ज्ञ. एवढ्या डब्यांची गाडी वर्गाच्या तीन भिंती फिरून दाराजवळ आली. 'द आधी की ब' हे पाहायला मुलं जागेवरून उठायची, इंजिनापाशी जायची आणि बोट ठेवत ठेवत चालत यायची. तोंडाने जे करत होती, तेच आता पायांनी करायला लागली. मध्ये दप्तरं आली की पडायचीही.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपली व्यंजनं एका रांगेत नाहीतच. ती पाच पाचच्या ओळींत बसलेली आहेत आणि त्या ओळींना कारण आहे. डी.एड.ला आपण सगळ्यांनी ते शिकलेलं असतं: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, म्हणजे घशापासून ओठांपर्यंत अक्षर तोंडात जिथे तयार होतं त्या जागा. परीक्षेत लिहिलं आणि तिथेच ठेवून आलो. वर्गात शिकवताना मात्र कमळ, खटारा, गवत अशी चित्रांची माळच लावतो. ओळी मोडून टाकतो आणि मग मुलांना क्रम सापडत नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

मग चाळ, आणि ती उलटी

दुसरं साधन केलं काड्यापेट्यांचं. पाच मजले, मजल्यावर पाच खोल्या, प्रत्येक खोलीत एक अक्षर. काड्यापेटी उघडली की आत शब्दाची चिठ्ठी. घरी टेबलावर फार देखणी दिसली. वर्गात नेली तर दुसऱ्या रांगेच्या मागे कुणाला काही दिसेना. आणि खरी चूक वेगळीच होती. चाळ म्हणून मी तळमजल्याला क वर्ग, म्हणजे क ख ग घ ङ ही ओळ ठेवली आणि वर चढत सगळ्यात वरच्या मजल्यावर प वर्ग. मुलं वाचतात वरून खाली. त्यामुळे त्यांच्या लेखी प फ ब भ म सगळ्यात आधी. दोन दिवस मी "अरे, खालून वर" असं ओरडत होते. ज्या साधनाबरोबर आपल्याला सारखं बोलत राहावं लागतं, ते बिघडलेलं समजावं.

सुटका एका मुलाने केली. आजीबरोबर तो दर सोमवारी गोदावरीवर जातो. तो म्हणाला, "बाई, ही चाळ नाही, हा घाट करा. रामकुंडावर आपण वरून खाली उतरतो ना."

एवढं सोपं होतं. पहिली पायरी क ची, शेवटची प ची, आणि खाली पाणी. पाण्याचा प खाली आहे हे मुलांनीच लगेच शोधून काढलं. मी आधी विचार केला होता असं म्हणायला मला आवडलं असतं.

पनेट आणि सुतळी

काड्यापेट्या गेल्या आणि द्राक्षाचे पनेट आले. अर्ध्या किलोचे ते पारदर्शक प्लास्टिकचे डबे. एका मुलाचे वडील पॅकहाउसला कामाला आहेत. तडे गेलेले, टाकून द्यायचे असे पनेट त्यांनी पिशवी भरून आणून दिले. "मॅडम, अजून पाहिजेत का? पडूनच असतात," असं वर विचारलं. पनेट वीतभर लांब, आतली चिठ्ठी बाहेरून दिसते, आणि हवा खेळावी म्हणून त्यांना मुळातच भोकं असतात. हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा ठरला. या गुळगुळीत प्लास्टिकवर फेविकॉल टिकत नाही, दोन दिवसांत सुटतो. भोकं होतीच, मग पुठ्ठ्याला दाभणाने जोडीची भोकं पाडली आणि सगळं सुतळीने शिवून टाकलं. पुठ्ठेही द्राक्षांच्या पेट्यांचेच, दोन थर उलटसुलट चिकटवलेले, नाहीतर मधून वाकतात. पनेटचं झाकण कापायचं आणि पनेट जरा मागे कललेलं शिवायचं, म्हणजे चिठ्ठ्या गळत नाहीत.

क पासून म पर्यंतचे २५ पनेट पाच पायऱ्यांवर. उरलेली अकरा अक्षरं त्याखाली: य र ल व, मग श ष स ह, मग ळ क्ष ज्ञ. घाटाला पाण्याखालीही पायऱ्या असतात आणि पाणी ओसरलं की दिसतात, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. त्या अकरांना निळा कागद लावला. स्वरांसाठी घाटाच्या माथ्यावर एक ओटा, म्हणजे सुतळी बांधून तिला कपड्यांचे चिमटे. ॲ आणि ऑ ही तिथेच बसवले, ए च्या नंतर ॲ आणि ओ च्या नंतर ऑ. कारण 'ऑटो' आणि 'ॲप' हे मुलांचे रोजचे शब्द आहेत, त्यांना ओट्याबाहेर कसं ठेवणार?

शब्दांच्या चिठ्ठ्या कार्यालयातल्या पाठकोऱ्या कागदांच्या. विकत आणलेलं म्हणजे सुतळी, निळा कागद आणि स्केचपेन.

ङ आणि ञ या पनेटांत कधीच काही पडत नाही. ण आणि ळ चंही तसंच, त्यांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाही. मुलांना हे फार अन्यायाचं वाटलं. आठवड्याभरात ङ च्या पनेटमध्ये वर्गात सापडलेली खोडरबरं जमा व्हायला लागली. मी ते तसंच राहू दिलं. ङ कुठे आहे हे आता त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील.

तोंडातला घाट

साधन टांगण्याआधी एक पूर्ण तास मी काहीच लिहिलं नाही. नुसतं बोलायला लावलं. गळ्यावर हात ठेवून क, ख, ग. मग च ला जीभ कुठे लागते, ट ला कुठे वळते, त ला दातांना कशी टेकते आणि प ला ओठ कसे मिटतात. घशापासून ओठांपर्यंत आपण उतरत आलो. मग घाट टांगला आणि तीच वाट दाखवली. नंतर आडवी ओळ: तोंडासमोर कागदाची पट्टी धरून क म्हणा, मग ख म्हणा. ख ला पट्टी हलते. ग ला फार नाही, घ ला पुन्हा हलते. पाचव्या अक्षराच्या वेळी नाक दाबून म म्हणायला सांगितलं आणि वर्गात जो गोंधळ झाला, तो शेजारच्या वर्गाच्या सरांनी दारात येऊन पाहिला.

पाण्याखालच्या पायऱ्यांनाही तीच वाट आहे हे मला स्वतःला त्या दिवशी नव्याने दिसलं. य टाळूचा, र मूर्धन्य, ल दातांचा, व दात आणि ओठांचा. श ष स पुन्हा टाळूपासून दातांपर्यंत उतरतात. ह मात्र घशात परत जातो आणि ळ तर सगळ्यांना सोडून शेवटी येऊन बसतो. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. म्हणून नुसत्या त्या क्रमाने लावलेल्या यादीत 'कळस' हा 'कवडी'च्या आधी येतो आणि आपल्या वर्णमालेप्रमाणे नंतर. हे मुलांना सांगितलं नाही. शिक्षकांनी मात्र लक्षात ठेवावं, संगणकावरची यादी तपासताना उपयोगी पडतं.

एक मुलगी, बागलाणकडची, सहसा न बोलणारी, तिने विचारलं, "बाई, चाकाचा च आणि चहाचा च एकाच डब्यात कशाला?" बरोबर होतं तिचं. चहाचा च टाळूला, चाकाचा च दातांच्या जवळ. जीभ दोन वेगळ्या जागी जाते, अक्षर एकच. मी तिला म्हटलं, बोलताना दोन आहेत, लिहिताना एकच आहे, आणि कोश लिहिलेलं पाहतो. तेव्हा वाटलं, चला, शंका फिटली. ती पुढे किती महागात पडणार आहे हे माहीत नव्हतं.

पंधरा तालुके

तिसरीला परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याचं पुस्तक असतं, म्हणून जिल्ह्याचे पंधरा तालुके घेतले. पंधरा चिठ्ठ्या, पंधरा मुलं. आधी नुसतं पहिल्या अक्षरावरून पनेटमध्ये टाका. इगतपुरी ओट्यावर चिमट्याला. कळवण पहिल्या पायरीवर, चांदवड दुसऱ्या, तिसरी पायरी रिकामी. चौथ्या पायरीवर ही गर्दी: त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, देवळा, नांदगाव, नाशिक, निफाड. पाचवीवर पेठ, बागलाण, मालेगाव. पाण्याखाली येवला, सिन्नर, सुरगाणा.

एवढं करायला पाच मिनिटं लागली आणि एकाचेही ओठ अ पासून हलले नाहीत. 'द आधी की ब' हा ऑगस्टमधला प्रश्न मी मुद्दाम पुन्हा विचारला. "द चौथ्या पायरीवर, ब पाचव्या," असं मागच्या रांगेतून उत्तर आलं, जणू मी घराचा पत्ता विचारला होता.

भांडणंही झाली. बागलाण म्हटलं की अर्ध्या वर्गाला कळेना. त्यांना सटाणा माहीत. तालुका बागलाण, मुख्य गाव सटाणा. मग सटाण्याचीही एक चिठ्ठी केली आणि ती सिन्नरच्या आधी बसली. एका हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलाने त्र्यंबकेश्वर उचलून थेट शेवटच्या पायरीवर नेलं. त्याच्या मोठ्या भावाच्या हिंदी पुस्तकात वर्णमालेच्या शेवटी क्ष त्र ज्ञ असं छापलेलं आहे. त्याचं त्याच्या जागी बरोबर, पण आपल्याकडे त्र म्हणजे त ला जोडलेला र. चिठ्ठी परत चौथ्या पायरीवर आणली.

खरं काम एका पनेटच्या आत आहे. न च्या पनेटमध्ये तीन चिठ्ठ्या, आता त्यांचा क्रम कसा लावायचा? इथे बाराखडीची पट्टी केली, बोटाएवढ्या रुंदीची, आणि 'झाकाझाकी' नावाचा खेळ. तिन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक धरायच्या. जेवढं सारखं तेवढं अंगठ्याने झाकायचं. न झाकला. उरलं काना, काना, वेलांटी. पट्टीवर काना आधी, म्हणून निफाड शेवटी गेलं. राहिले नांदगाव आणि नाशिक. 'ना' झाकला, तर एकीकडे टिंब आणि दुसरीकडे 'शि'.

टिंबाने घोळ घातला. बाराखडीत कं येतो जवळजवळ शेवटी. आमच्या वर्गातल्या कोशात अनुस्वाराचे शब्द सगळ्यात आधी येतात, 'कंद' आधी आणि 'कमळ' नंतर. मुलांनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली. मी सरळ सांगितलं की म्हणण्याचा क्रम वेगळा आणि कोशाचा वेगळा, आणि पट्टीच्या सुरुवातीला लाल स्केचपेनने एक मोठं टिंब काढून दिलं. क्ष चीही तीच गत. कोणी त्याला क च्या शेवटी घालतं, कोणी पार शेवटी. आम्ही शेवटी ठेवला, कारण वर्णमालेच्या तक्त्यावर तो तिथे आहे. सगळे नियम नीट जुळवून मगच वर्गात जायचं ठरवलं असतं, तर घाट अजून माझ्या घरीच असता.

जिथे तोंडाने फसवलं

जानेवारीत कोश उघडायला सुरुवात केली. आधी पायरी, मग डबा, मग झाकाझाकी. बहुतेकांना जमायला लागलं. आणि मग 'ज्ञान' सापडेना. सात-आठ मुलं द च्या पानांत शोधत होती. का नाही शोधणार? आपण 'द्न्यान' म्हणतो. मीच त्यांना शिकवलं होतं, जीभ कुठे लागते ते पाहा आणि पायरी ओळखा.

दुसऱ्या दिवशी तीच बागलाणकडची मुलगी वैतागून बसली होती. तिला 'डोळा' हवा होता. ड चा डबा बरोबर, ओकारापर्यंत बरोबर, पण पुढे ती य पाशी शोधत होती. तिच्या घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. तिच्या कानाप्रमाणे तिने काहीच चुकवलं नव्हतं. कोशात मात्र डोळा ह च्याही पुढे, ळ पाशी, बराच खाली.

या दोन प्रसंगांनी माझं साधन मला नीट कळलं. तोंडातल्या वाटेवर बेतलेला घाट क्रम लवकर शिकवतो, कारण मुलाचं तोंड कायम त्याच्याबरोबर असतं. पण कोश तोंडाला ओळखत नाही, तो लिहिलेल्या अक्षरालाच ओळखतो. चाक-चहाच्या वेळी हे मी सांगून मोकळी झाले होते. सांगण्याने भागणार नव्हतं. म्हणून खेळात एक पायरी वाढवली. शोधण्याआधी शब्द पाटीवर लिहायचा, शेजाऱ्याला दाखवायचा आणि मग घाट उतरायचा. वेळ जास्त जातो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही याच वेळी सापडतात. 'दिंडोरी'तल्या दि ला चौघांनी दुसरी वेलांटी दिली होती.

मुलीचं मात्र समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, डोया हा पण शब्द आहे, मग त्याला डबा का नाही? मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी कोशच तिच्यासमोर ठेवला आणि एका नोंदीपुढे लिहिलेलं 'पहा' दाखवलं. म्हणजे ज्याला हा शब्द ठाऊक आहे त्याला कोश दुसऱ्या शब्दाकडे पाठवतो. तिने ते दोनदा वाचलं.

२७ फेब्रुवारी

२७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. नाशिकच्या शाळांत तो जरा जास्तच मनावर घेतात. आमच्या वर्गाने त्या दिवशी भाषणांऐवजी स्वतःचा कोश मांडला. घाटातल्या सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने काढून वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर चिकटवल्या आणि सुतळीने शिवल्या. द्राक्षबागेतल्या कामाचे शब्द सुरगाण्याकडच्या मुलांनी सांगितले. त्यातली दोन मुलं प्रदर्शनाच्या आधीच हंगाम संपवून घरच्यांबरोबर गेली, पण त्यांच्या चिठ्ठ्या राहिल्या. ड च्या पानावर 'डोया : डोळा पहा' अशी एक नोंद आहे, जरा तिरक्या अक्षरात.

नंतर आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत घाट नेला. पहिला प्रश्न आला, "मॅडम, याला लॅमिनेशन का नाही केलं?" दुसरा, "हे तयार विकत मिळेल का?" मिळेलही कदाचित. पण शिवताना मुलांनी प्रत्येक पनेट हातात घेऊन कुठल्या पायरीवरचं आहे हे दहा वेळा विचारलं होतं, निम्मं शिकणं तिथेच झालं होतं. पनेट उन्हाने ठिसूळ होतात, मेपर्यंत सहा-सात फुटले. त्याचंही फार वाईट वाटलं नाही, जूनमध्ये पुन्हा शिवायला पुढची तिसरी आहे.

वर्षाच्या शेवटी चार मुलं अजूनही अ पासून म्हणत होती. त्यातल्या दोघांना अक्षरओळखच कच्ची होती, त्यांचा प्रश्न घाटाचा नव्हता. उरलेल्या दोघांचं मला कोडं आहे. घाटासमोर उभं केलं की बरोबर सांगतात. घाटाकडे पाठ केली की ओठ हलायला लागतात. यंदा चौथीच्या बाईंना सांगून त्या दोघांना रोज दहा मिनिटं माझ्याकडे बोलावते आहे. घाटावर पडदा टाकून फक्त पायऱ्यांच्या कडा दिसतील एवढं उघडं ठेवते आणि विचारते, "भ कुठे?" परवा एकाने पडद्याकडे न बघता स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.